लाईन थांबल्याचं कारण

माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवायला उशीर झाला, म्हणून जर्मनीतल्या एका ऑफिसात आमच्या कारखान्याचा खर्च वाढलेला दिसला. हे मी आजवर कुणाला असं सरळ सांगितलेलं नाही. सांगितलं तर माणसं हसतील, आणि हसण्यासारखं त्यात थोडं आहेही. पण त्या उशिरापायी एका माणसाची नोकरी गेली, आणि ती कावळ्यामुळे नाही, माझ्यामुळे गेली.

मी कॉस्टिंगमध्ये आहे. शिरूरपासून अर्ध्या तासावर आमचा कारखाना. मोटारींच्या दारांना जे काळं रबरी सील असतं ते आम्ही बनवतो. मालक कंपनी जर्मन. तेच सील बनवणारे तिचे आणखी दोन कारखाने आहेत, एक तुर्कस्तानात आणि एक मेक्सिकोत. एक मीटर सीलला किती खर्च आला आणि मागच्या महिन्यापेक्षा जास्त आला असेल तर का आला, हे दर महिन्याला सांगायचं, हे माझं काम. तिन्ही कारखाने एकाच तक्त्यात उत्तर देतात आणि दर गुरुवारी दुपारी कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकमेकांची तोंडं बघतात. सुरुवातीला मला याचं फार अप्रूप होतं. शिरूर-घोडनदीची बाई तुर्कस्तानातल्या बाईशी रबराच्या भावावर बोलते, हे मी माहेरी केंदूरला जाऊन चारचौघींत दोनदा तरी ऐकवलेलं आहे. तक्ता एक असला तरी प्रत्येकाचं खोटं वेगळं असतं, हे कळायला पुढे बराच काळ गेला.

लाईन थांबली की कारण निवडावं लागतं. पडद्यावर यादी उघडते: मशीन बिघाड, वीज, कच्चा माल, टूल बदल, संप, नैसर्गिक आपत्ती. सगळ्यात खाली 'इतर' आहे, पण ते निवडलं की पानभर खुलासा आणि प्लांट हेडची सही मागतं. ही यादी जर्मनीत बसून कुणीतरी केली. त्या माणसाला मी नावं ठेवत नाही. त्याच्या गावात कुणी गेलं की घरची चार माणसं सुट्टी घेत असतील आणि बाकीचे कामावर जात असतील. आमच्याकडे कुणी गेलं की गाव उठतं.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते एसटीत कंडक्टर होते आणि नोकरीचा बराचसा काळ त्यांनी शिरूर-दौंड गाडीवर काढला. न्हावरा, केडगाव, वाटेतल्या वाड्यावस्त्या, शाळेची पोरं, बाजाराच्या बाया, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळ्यांना ते घरादारासकट ओळखायचे. पास विसरलेल्या पोराला त्यांनी कधी खाली उतरवलं नाही. "उद्या दाव" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे नाहीत. परीक्षेच्या दिवसांत एखादी पोरगी थांब्यावर दिसली नाही, तर ती शेताच्या बांधावरून पळत येताना दिसेपर्यंत डबल बेल द्यायचे नाहीत. वरिष्ठांची बोलणी त्यांनी त्यापायी पुष्कळ खाल्ली. त्या गाडीतून शाळेला गेलेली पोरं पुढे आमच्या कारखान्यात लागली. पहिल्या पाळीत साठ माणसं असतात, त्यातली चाळीस तरी आप्पांच्या गाडीत वाढलेली होती.

आप्पा गेले तेव्हा दहाव्याला ही चाळीस माणसं येणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. पाळीचा सुपरवायझर प्लांट हेडकडे गेला. प्लांट हेड पुण्याहून रोज येणारे, कामाला कडक पण मनाने वाईट नव्हते. सुपरवायझर म्हणाला, "सर, पोरं दहाव्याला जानार. आपन न्हाई म्हटलं तरी जानार." त्यांनी विचारलं, "किती वेळ?" तो म्हणाला, "तास, सव्वा तास." यावर साहेब म्हणाले, "नऊपर्यंत परत आणा. आणि मला विचारलं नाही असं समजा." हे मला नंतर त्या सुपरवायझरनेच सांगितलं.

अडचण ओव्हनची होती. आमचं रबर एका लांबलचक ओव्हनमधून शिजत पुढे सरकतं. लाईन तशीच टाकून गेलं तर आतलं रबर जळतं आणि मग ते खरवडून काढण्यात पूर्ण पाळी जाते. कुणीतरी मागे थांबून ओव्हन रिकामा करायचा, मंद ठेवायचा आणि माणसं परत आली की पुन्हा चढवायचा, असं करावं लागणार होतं. ते मामांनी केलं.

मामा म्हणजे आमचे इलेक्ट्रिशियन. पन्नाशीच्या आसपासचे, दौंडच्या बौद्ध वस्तीत राहणारे, रोज मोटारसायकलवर येऊन-जाऊन करणारे. अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. अकरा वर्षं ते कंत्राटदारामार्फत होते. ओव्हनचा स्वभाव त्यांच्याइतका कुणालाच माहीत नव्हता, ओव्हन बनवून पाठवणाऱ्या जर्मन माणसालाही नाही, असं प्लांट हेड स्वतः म्हणायचे. त्या वर्षी मेंटेनन्समध्ये एक कायम जागा मंजूर होणार होती, आणि ती मामांचीच हे सगळे धरून चालले होते. मामांनी घरी बायकोला सांगून टाकलं होतं आणि बायकोने पेढ्यांचं बघायला सुरुवात केली होती.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "ताई, मला बी यायचं व्हतं. आयटीआयची दोन वरसं आप्पांच्या गाडीनंच केली मी. पन मी आलो तर ओव्हन कोन बघंल? माझा नमस्कार पोचवा त्यांना." मी बरं म्हटलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी कागद दिला नव्हता. सुपरवायझरला ते एवढंच म्हणाले होते, "तुमी जावा. मी हाय."

घोड नदीच्या घाटावर सकाळी माणूस मावत नव्हता. कारखान्याची पोरं कंपनीच्या करड्या शर्टात, एका बाजूला ओळीने उभी. प्रवचन झालं. दोन पुढाऱ्यांनी श्रद्धांजली वाहिली. दोघांची आप्पांशी ओळख बहुधा तिकिटापुरतीच होती, पण बोलले दहा-दहा मिनिटं. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. पलीकडच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसले होते. ते आमच्याकडे बघत होते आणि आम्ही त्यांच्याकडे. एकही खाली उतरेना.

माझा नवरा पुढे होऊन म्हणाला, "आप्पा, आईला अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. नणंद म्हणाली, "आप्पा, माझ्या पोरीचं शिक्षण पुरं करीन." तरी नाही. नऊ वाजून गेले. सुपरवायझर मनगटावरचं घड्याळ बाहीखाली ढकलत होता. मी त्या घाटावर सून म्हणून उभी होते, डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात मिनिटाला किती मीटर सील बुडतंय याचा हिशोब चालू होता. त्याची मला आजही लाज वाटते.

गुरुजींनी हळूच दर्भाचा कावळा करू का विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "न्हाई. त्यांनी जल्मभर मानसांसाठी गाडी थांबिवली. आज मानसं थांबतील." कुणी हललं नाही. शेवटी आप्पांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर पुढे आले आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, पोरं कामावरनं आल्याती. सोडा आता त्यांना." थोड्या वेळाने एक कावळा उतरला. त्या बोलण्यामुळे उतरला असं मी म्हणत नाही, पण घाटावर मात्र सगळ्यांनी तसंच मानलं.

लाईन दोन तास चाळीस मिनिटं बंद राहिली. मामांनी ओव्हन असा राखला होता की माणसं परत आल्यावर दहा मिनिटांत माल पडायला लागला, एक मीटरही जळला नाही. पुढचे तीन दिवस पहिल्या पाळीची माणसं रोज तासभर आधी आली आणि बुडालेलं काम भरून काढलं. ओव्हरटाईम कुणी मागितला नाही, कुणाला मागावासा वाटलाही नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, गेटवरच्या पंचिंगमध्ये दिसलं.

तेरावा झाला आणि मी कामावर गेले. महिन्याचा तक्ता माझ्याचसाठी अडकून होता. त्यात एक ओळ रिकामी: तारीख, दोन तास चाळीस मिनिटं, कारण. मी प्लांट हेडना विचारलं. ते लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाले, "टाका काहीतरी. तुम्हाला काय सांगायचं." मी यादी उघडून बसले. आप्पांचा दहावा 'इतर'मध्ये टाकायला मन धजेना. आणि पानभर इंग्रजी खुलासा लिहायचा कंटाळाही होता, तो मी मनाच्या मोठेपणाखाली झाकणार नाही. मी 'वीज' निवडलं. आमच्याकडे लाईट जाते यावर जगात कुणालाच शंका येत नाही. एक क्लिक आणि ओळ भरली. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास तुर्कस्तानातल्या बाईशी माझी जवळीक वाढली. सासऱ्यांचं कळल्यावर तिने खाजगीत निरोप पाठवला होता, त्यातून बोलणं सुरू झालं. दोघींचंही इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे भीड नव्हती. मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. तिने हसण्याची तीन तोंडं पाठवली आणि तिची गोष्ट सांगितली. रमजानच्या महिन्यात दुपारनंतर त्यांची लाईन संथ चालते. रोजा धरलेल्या माणसाला ओव्हनपुढे किती पळवणार? ते सगळं ती 'टूल बदल' म्हणून, म्हणजे साचे बदलण्यात गेलेला वेळ म्हणून दाखवते. मेक्सिकोचा माणूस, तिच्या म्हणण्याप्रमाणे, मातृदिनाला अर्धी पाळी घरी जाते त्याला 'कच्चा माल' म्हणतो. आणि जर्मनीत उन्हाळ्यात तीन आठवडे पूर्ण कारखाना बंद असतो, पण ते आधीच बजेटात धरलेलं असतं, म्हणून कुणी कारण विचारत नाही. मी त्या दिवशी खूप हसले. आपण सगळे एकाच नावेत, असं वाटून मला आपल्या खोट्याबद्दल जरा मायाच वाटायला लागली.

दोन महिन्यांनी जर्मनीहून आढावा आला. वर्षभरातल्या सगळ्या थांब्यांची त्यांनी तिन्ही देशांत तुलना केली होती. आमच्या नावापुढे वीजबिघाड तीन होते. दोन खरे, वळवाच्या वादळातले. तिसरा माझा. तिसरा सगळ्यात मोठा होता आणि त्या दिवशी आकाश निरभ्र होतं, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. त्यांनी निष्कर्ष काढला की दोष बाहेरच्या पुरवठ्यात नसून कारखान्यातल्या विजेच्या देखभालीत आहे. उपाय: देखभालीचं काम बाहेरच्या एजन्सीला द्यावं, कायम जागा भरू नये. प्लांट हेडनी तो मेल मला वाचायला दिला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

मामांना दुसऱ्या दिवशी कळलं. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. हातात त्यांचं लांबट रजिस्टर होतं. कॉम्प्युटर काहीही नोंदवो, मामा दर अर्ध्या तासाला मीटर बघून त्यात पेनाने आकडा लिहितात. त्यांनी दहाव्याच्या दिवसाचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. सात, साडेसात, आठ, साडेआठ, सगळे रकाने भरलेले.

"ताई, त्या दिशी लाईट गेली न्हवती," ते म्हणाले.

मी म्हटलं, "माहिती आहे मामा. मीच टाकलं ते."

"व्हय," ते म्हणाले, "मला वाटलंच. दुसरं कोन टाकनार." आवाज चढला नाही. मग म्हणाले, "मग आता खरं लिवा की. मी एकटा हितं ओव्हन राखीत बसलो आन् माझ्याच नावावर लाईट घालवली तुमी."

"लिहिते," मी म्हटलं.

"कवा?"

"लवकर."

मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी प्लांट हेडकडे गेले. ते म्हणाले, "आता बदललं तर ऑडिट लागेल. खोटी नोंद तुमची, तोंडी परवानगी माझी. दोघंही घरी जाऊ. थोडं थांबा, मी वेगळ्या मार्गाने बघतो." त्यांनी काही बघितलं नाही, आणि ते बघणार नाहीत हे मला तेव्हाच कळत होतं. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आप्पांचं नाव कशाला गोवतेस त्यात? त्यांच्या दहाव्यामुळे कारखान्याचं नुकसान झालं असं साऱ्या जगात होईल." त्याचंही मला पटलं. त्या दिवसांत न लिहिण्याचं कुठलंही कारण मला पटत होतं. मेंटेनन्सच्या दारावरून जायचं टाळण्यासाठी मी कॅन्टीनला मागच्या बाजूने जात होते. मामा मात्र पुन्हा विचारायला आले नाहीत.

शेवटी लिहायला बसले. 'दहावा' इंग्रजीत कसा सांगायचा? मृत्यूनंतरच्या दहाव्या दिवसाचा विधी, असं लिहिलं. मग त्यांना वाटेल की हा घरच्यांचा विधी, चाळीस कामगार तिथे काय करत होते? मग आप्पांची गाडी आली, शाळेची पोरं आली, डबल बेल आली. वाचून बघितलं तर मलाच ती भाकडकथा वाटायला लागली. सगळं खोडलं. कावळा तर मी घेतलाच नाही. 'विधी अपेक्षेपेक्षा लांबला' एवढंच लिहिलं. वीज गेली नव्हती, नोंद माझी चूक आहे, इलेक्ट्रिशियनचा काही दोष नाही, उलट त्याने एकट्याने ओव्हन सांभाळला म्हणून नुकसान टळलं, बुडालेलं काम कामगारांनी तीन दिवसांत विनामोबदला भरून काढलं, असं सगळं लिहून पाठवून दिलं.

दोन दिवसांत उत्तर आलं. इतकं सभ्य उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नसेल. सासऱ्यांबद्दल सहवेदना. प्रामाणिकपणाबद्दल आभार. माझ्यावर कारवाई नाही, फक्त समज. तिन्ही देशांच्या संस्कृतीचा आदर राखून यादीत एक नवं कारण घालत आहोत: 'सांस्कृतिक अनुपस्थिती'. इथून पुढे अशा थांब्यांची नोंद त्यात व्हावी आणि ते दरवर्षी कमी करत नेण्याचं उद्दिष्ट प्रत्येक कारखान्याने ठरवावं. विजेच्या देखभालीचा निर्णय मात्र कायम, कारण पुण्याच्या एजन्सीशी करार झालेला आहे. करारावरची तारीख मी बघितली. मी मेल पाठवला त्याच्या दोन दिवस आधीची होती. आठव्या दिवशी लिहिलं असतं तर कदाचित जागा वाचली असती. कदाचित नसतीही वाचली. पण हे 'कदाचित' माझ्या पदरात मीच बांधून घेतलं आहे आणि ते सुटत नाही.

गुरुवारच्या कॉलमध्ये तुर्कस्तानातली बाई माझ्याकडे बघून हसली नाही. नंतर तिचा एका ओळीचा निरोप आला: आता माझा रमजान पण त्याच रकान्यात जाईल आणि मला तो दरवर्षी कमी करून दाखवावा लागेल, हे तू का केलंस? खोटं बोलून मी एकाची नोकरी घालवली होती आणि खरं बोलून तिसऱ्याच देशातल्या माणसांच्या उपासावर उद्दिष्ट लावलं होतं. दोन्ही वेळा मी माझ्या मते कुणाचं तरी भलंच करत होते.

मामांचं कंत्राट संपवलं आणि एजन्सीने पुण्याहून दोन पोरगेलेसे इलेक्ट्रिशियन पाठवले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या हातून ओव्हनमध्ये रबर जळलं. मग एजन्सीने मामांनाच बोलावलं आणि आधीपेक्षा कमी पगारावर, एजन्सीची टोपी घालून, ते त्याच विजेच्या पॅनेलसमोर येऊन उभे राहिले. महिनाअखेरीला तक्त्यात देखभालीचा खर्च कमी झालेला दिसला. मीच तो भरला. जर्मनीहून अभिनंदनाचा मेल आला, तिन्ही कारखान्यांत आमची सुधारणा सगळ्यात चांगली म्हणून. प्लांट हेडनी तो सूचनाफलकावर लावला. मामांनी तो वाचला की नाही मला माहीत नाही. फलक त्यांच्या पॅनेलच्या वाटेवरच आहे.

नवं कारण आल्यावर दहाव्याला जाणाऱ्याची अर्ध्या दिवसाची रजा कापायला सुरुवात झाली. त्यात अन्याय असा काही नाही, पण रजा कापली की पुढचे तीन दिवस तासभर आधी कोण येईल? कुणीच येत नाही. पूर्वी जे काम आपोआप भरून निघायचं त्याला आता ओव्हरटाईम लागतो. काही जण दहाव्याच्या दिवशी आजारी पडतात. मागच्या वर्षी आमचा खर्च वाढला, तो या असल्या गोष्टींनी वाढला हे मला दिसतं, पण हे दाखवायला तक्त्यात जागा नाही. माणसं न सांगता जे करत होती त्याला आधीही रकाना नव्हता. आता ते करणं बंद झालं आहे, त्यालाही नाही.

गेल्या हिवाळ्यात लाईनवरच्या एका ऑपरेटरची आई गेली. केंदूरची, माझ्या माहेरची बाई. तिच्या हातचं मी लहानपणी खाल्लेलं आहे. दहाव्याला बरीच माणसं जाणार होती, मीही जाणार होते. रजा कापली तर कापली, पण ओव्हनचं काय, हा प्रश्न होताच. सुपरवायझर माझ्याकडे आला. म्हणाला, "मामांना तुमीच सांगा. तुमचं ऐकतील." त्याला आतलं काही माहीत नव्हतं.

मी मेंटेनन्समध्ये गेले. त्या दारातून आत जायची माझी किती महिन्यांनंतरची वेळ होती. मामा स्टुलावर बसून रजिस्टरमध्ये आकडे लिहीत होते. मी सांगितलं, उद्या सकाळी पोरं केंदूरला जातायत, दोन-अडीच तास ओव्हन राखाल का. त्यांनी ऐकून घेतलं. रजिस्टर मिटलं.

"राखतो की," ते म्हणाले. "पन लिहून द्या, मॅडम. कोन चाललं, कशाला चाललं, लाईन कुनी थांबवायला सांगितली, किती वाजल्यापास्नं. आन् खाली तुमची सही."

मला ते अकरा वर्षं ताई म्हणत होते. माफी मागायचं मनात आलं, पण ती मी आधी कधी मागितली नव्हती आणि आता ओव्हन राखण्याच्या बदल्यात मागितल्यासारखी दिसली असती. टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. ऑपरेटरच्या आईचा दहावा, केंदूर, असं मराठीत सरळ लिहिलं. लाईन थांबवायला मी सांगितली, असंही लिहिलं, प्लांट हेडना न विचारता. सही केली.

मामांनी कागद दोन्ही हातांत धरून सावकाश वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. मी उभीच होते.

"तारीख राहिली," असं म्हणून त्यांनी कागद परत माझ्यापुढे ठेवला.